पंखा चालू, माग बंद

“डोळे मिटा म्हटलं की मिटायचे. मिटल्यावर हसायचं नाही, आणि शेजारच्याला कोपरानं ढोसायचं तर अजिबात नाही. मन शांत करायचंय आपल्याला, कळलं का?”

एवढं बोलून मी टेबलावर लाकडी पट्टी आपटली. तिसरी ‘ब’मधली अडतीस मनं तत्काळ शांत झाली. मनःशांतीच्या प्रशिक्षणात पट्टीचा उल्लेख कुठंच नव्हता, ती माझी स्वतःची भर. बावीस वर्षांच्या नोकरीत माणूस एवढं तरी शिकतोच.

मग मी पितळी घंटी वाजवली. खेळाचं नाव ‘घंटीचा पाठलाग’. घंटीचा आवाज विरत जातो, तो पार संपेपर्यंत मुलांनी ऐकायचा आणि संपला की हात वर करायचा. पुण्यात हा खेळ छान रंगत असावा. आमची शाळा इचलकरंजीत, आणि तिसरी ‘ब’च्या खिडकीला लागून मगदूम शेठचा चोवीस मागांचा कारखाना. तिथं दिवसभर आडवा धागा नेणारे चोवीस धोटे या अंगाहून त्या अंगाला आपटत असतात. त्या खटखटाटात घंटीचा पाठलाग म्हणजे जत्रेत हरवलेल्या मुंगीला हाक मारण्यातला प्रकार. घंटी वाजली की नाही हे मलाही नीट कळत नसे. मी हात हलवला म्हणजे वाजली, असं वर्गानं समजून घ्यायचं.

सदतीस हात वर गेले.

“काय ऐकू आलं?”

“शांतता, बाई,” सदतीस जणांनी एका सुरात सांगितलं. आठवडाभर पाठ करून घेतलं होतं.

अडतिसावा हात मयूरी तोडकरचा होता आणि तो खालीच होता. डोळे सताड उघडे, मान खिडकीकडे कललेली, आणि उजव्या हाताची दोन बोटं बाकावर एकसारखी टकटक करत होती.

“मयूरी, तुला काय ऐकू आलं?”

“चौथा लंगडतोय, बाई.”

“कोण लंगडतोय?”

“चौथा.”

चौथ्या बाकावरच्या सुदर्शन हुपरीकरनं ताबडतोब उभं राहून आपले दोन्ही पाय धड असल्याचं वर्गाला दाखवलं. वर्ग खिदळला. आठवडाभराची शांतता पाण्यात गेली. मी मयूरीला मन शांत होईपर्यंत खिडकीलगतच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि तिच्या फॉर्मवर लिहिलं, ‘चंचल. सतत खिडकीकडे लक्ष. असंबद्ध उत्तरे देते.’ माझं अक्षर तेव्हा फार सुंदर होतं.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना कुठल्याशा लग्नात कुणीतरी सांगितलं की हल्लीच्या मुलांची मनं फार धावतात. झालं. पुण्याची एक संस्था आली, ‘प्रसन्न बालमन’ नावाचा उपक्रम आला आणि आम्हा साठ शिक्षकांना कोल्हापूरला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडण्यात आलं. थंडगार सभागृहात सतरंज्यांवर आम्हाला उताणं निजवून ‘फक्त श्वासाकडे लक्ष द्या’ असं सांगितलं. त्यातले चाळीस जण घोरले. प्रशिक्षण अत्यंत यशस्वी झालं, असं समारोपात जाहीर झालं.

शिकवणाऱ्या होत्या ऋजुता मॅडम. वय सव्वीस-सत्तावीस, सुती कुर्ता, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला आपण नुकतेच आजारातून उठलोय असं वाटावं. मला त्या ‘शैलजाताई’ म्हणायच्या. मी त्यांच्या आईच्या वयाची, पण त्या दोन दिवसांत सगळेच एकमेकांचे ताई-दादा झाले होते. बाई वाईट नव्हती, हे आता कबूल करते. तिला मुलांसाठी खरंच काहीतरी करायचं होतं. तिनं फक्त इचलकरंजी पाहिली नव्हती.

खेळ गंमतीचे होते. ‘पोटावरचा ससा’ या खेळात मुलानं उताणं झोपायचं, पोटावर मऊ ससा ठेवायचा आणि श्वासाबरोबर तो वर-खाली झुलवायचा. अडतीस ससे संस्थेला परवडेनात, म्हणून आमचे मुख्याध्यापक चौगुले सरांनी ससा म्हणून डस्टर वापरायची मुभा दिली. श्वास आत घेतला की डस्टर वर जायचं, सोडला की खडूची भुकटी नाकात जायची, आणि सगळा वर्ग शिंकायचा. ‘मनुक्याचं निरीक्षण’ असा आणखी एक खेळ. एक मनुका तळहातावर ठेवून पाच मिनिटं नुसता बघायचा, मग हळूच जिभेवर ठेवायचा. पहिल्या मिनिटाअखेर वर्गात एकही मनुका शिल्लक नव्हता. चमकी घातलेली पाण्याची बाटली होती, ती हलवायची आणि चमकी खाली बसेपर्यंत बघत राहायचं, म्हणजे मनही तसंच तळाशी बसतं. ती बाटली सरांच्या कपाटात कुलपात असे, कारण मुलं ती हलवायची.

सगळ्याचा फोटो काढायचा आणि आठवड्याला अहवाल पाठवायचा. मुलं शांत झाली की नाही हे कुणी विचारत नव्हतं, पण फोटोत ती शांत दिसलीच पाहिजेत, असं होतं.

आणि फॉर्म. प्रत्येक मुलाचा एक. त्यात प्रश्न होता, ‘मूल एका आवाजावर किती वेळ लक्ष टिकवू शकते?’ पुढं चार चौकटी होत्या. एक मिनिटाहून कमी, एक ते तीन, तीन ते पाच, पाच मिनिटांहून अधिक. तीन निरीक्षणांत तिन्ही वेळा पहिलीच चौकट आली, तर खाली शिफारस लिहायची. मयूरीच्या फॉर्मवर पहिल्या चौकटीत माझ्या दोन खुणा झाल्या होत्या.

“पाटगावकर बाई, ही पोरगी आपल्याला बुडवणार,” चौगुले सर म्हणाले. त्यांच्या टेबलावर मयूरीचा फॉर्म होता. “पुढच्या गुरुवारी प्रात्यक्षिक. अध्यक्ष येणार, पुण्याची मंडळी येणार. तिथं ही ‘लंगडतोय’ म्हणाली तर?”

“तिला त्या दिवशी घरी ठेवू, सर.”

“आणि पुढं? त्यापेक्षा तिला मागं कुठंतरी ठेवा आणि तिसरं निरीक्षण त्याच दिवशी होऊ दे. मग रीतसर शिफारस लिहा. कोल्हापूरला विशेष शाळा आहे, वसतिगृहासकट.”

“सर, कायद्यानं मुलाला शाळेतून काढता येत नाही.”

“काढतंय कोण? आपण पालकाला समजावतोय.”

मी मान डोलावली. मी बळी पडले, मला दबाव आला, असलं काही सांगणार नाही. मलाही ती पोर वर्गात नको होती. सदतीस मुलं माझं ऐकत होती आणि ती एकटी दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत होती, एवढंच मला दिसत होतं आणि तेच सहन होत नव्हतं.

वडिलांना बोलावलं. कारखान्यात माग चालूच ठेवून पाळीपाळीनं जेवायला सोडत, आपल्या पाळीत ते मगदूमांकडून तसेच आले. नाव रावसाहेब तोडकर. नाव रावसाहेबाचं असलं तरी अंगात भोकं पडलेला बनियन आणि केसांत, भुवयांत, मिशांत कापसाची रुई. डाव्या भुवईवर एक जाड वण होता, त्यामुळं तो डोळा अर्धवट मिटलेला दिसायचा. दारातच चपला काढून ते उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत, खुर्चीला रुई लागंल म्हणाले.

“मयूरीचं लक्ष नसतं वर्गात,” मी म्हणाले.

“आमच्या घरात लई गप असती ओ ती, बाई.”

“घरी सगळीच शहाणी असतात. इथं सतत खिडकीबाहेर बघते. उभं केलं तरी तेच.”

“रट्टा द्या की.”

“तसं आता चालत नाही. तिच्यासाठी वेगळी शाळा आहे, कोल्हापूरला. तिथं राहायचं. दिवाळीला, मे महिन्यात घरी येईल.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग फॉर्मकडं. वाचता येत होतं की नाही कोण जाणे. “आठ वर्साची हाय ओ,” एवढंच बोलले. मग म्हणाले, “तुम्ही शिकलेली मानसं. तिच्या भल्याचंच असंल. सही कुठं करू?”

“आज नको. गुरुवारनंतर बोलावते,” मी म्हणाले आणि स्वतःच्या दयाळूपणावर खूष झाले.

गुरुवार उजाडला. सभागृहात पताका लावल्या, उदबत्त्या लावल्या. अध्यक्षांसाठी सोफा आणि अडतीस मुलांसाठी सतरंजी. हे सभागृहही कारखान्याच्या भिंतीलगतच होतं. ऋजुता मॅडमनी आल्या आल्या खिडकीकडं पाहून कपाळाला हात लावला.

“शैलजाताई, हा आवाज किती वेळ असतो?”

“रात्री आठपर्यंत. मग रात्रपाळी सुरू होते.”

“बिचारी मुलं,” त्या मनापासून म्हणाल्या. “यांनी खरी शांतता कधी अनुभवलीच नसेल. फक्त पंधरा मिनिटं हे थांबवता आलं असतं तर.”

चौगुले सर ऐकतच होते. मगदूम शेठ शाळा समितीवर होते आणि अध्यक्षांच्या शेजारीच सोफ्यावर बसले होते. सर वाकून त्यांच्या कानाशी लागले. शेठ मोठ्या मनानं हसले आणि फोन काढून कारखान्यातल्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, म्हणाले, “बरोबर साडेबाराला मेन स्विच पाड. पंधरा मिनिटं. शाळेतली पोरं शांत हुनार हाईत.”

मी हे ऐकलं. बावीस वर्षं त्या गावात, त्याच मुलांना शिकवत होते मी. माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, आज घंटी ऐकू तरी येईल.

मुलं पाठीवर निजली. प्रत्येकाच्या पोटावर नवाकोरा ससा, कारण पाहुणे येणार म्हणून संस्थेला ससे एकाएकी परवडले होते. मयूरीला मी शेवटच्या ओळीत, खांबाआड ठेवली होती. तिची दोन बोटं सतरंजीवर चालूच होती. मॅडमनी त्या मऊ आवाजात सुरुवात केली, “आता आपण घंटीचा पाठलाग करणार आहोत. घंटी गेली की तिच्या मागं मागं शांततेच्या घरात शिरायचं.” त्यांनी घंटी वाजवली आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडचे चोवीस माग बंद झाले.

घंटी स्वच्छ ऐकू आली. तिचा शेवटचा धागाही ऐकू आला. अध्यक्षांनी समाधानानं डोळे मिटले.

मुलांनी मात्र उघडले. न सांगता, एकदम, अडतीसच्या अडतीस जणांनी. आणि कुणीही खिडकीकडं बघितलं नाही, की माझ्याकडं. सगळ्यांनी छताकडं बघितलं. मीही बघितलं. वर पंखा गरगर फिरत होता, एवढंच.

मयूरी सगळ्यांत आधी उठली. पोटावरचा ससा खांबापाशी पडला, पुढच्या ओळीतला एक घरंगळत अध्यक्षांच्या बुटापाशी गेला. मयूरी अनवाणी दाराबाहेर पडली, तिच्यामागं सुदर्शन, त्याच्यामागं बाकीचे. कुणी ओरडलं नाही, कुणी ढकलाढकली केली नाही. अडतीस मुलं एक शब्द न बोलता पळत होती, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

“दार बंद करा. अरे, कुणीतरी दार बंद करा,” चौगुले सर म्हणत राहिले. दार बंद होईपर्यंत आत बंद करण्यासारखं कुणी उरलं नव्हतं.

मी पळाले. साडी सावरत, पन्नाशीला टेकलेली बाई, भर दुपारी रस्त्यानं पळाले. शाळेच्या फाटकातून वळसा घालून कारखान्याच्या दारात पोचले तर आयतीच सुट्टी मिळाली म्हणून कामगार बाहेर ओट्यावर चहा पीत बसलेले. पोरांची ती झुंड बघून तेच चक्रावले. पोरं आपापलं माणूस शोधत होती. ज्यांचं इथं कुणी नव्हतं ती मुलंही कारखान्याच्या आत डोकावून बघत होती, कुणी खाली पडलंय का. सुदर्शननं आपल्या चुलत्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. रावसाहेब तोडकर पायरीवर बसले होते. मयूरी त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आधी उजवा डोळा बघितला, मग डावा. मग भुवईवरच्या त्या जाड वणावरून बोट फिरवलं.

“काय झालं गं?” ते म्हणाले. “काय न्हाई झालं. शेठनं बंद करा म्हटलं म्हणून केलं.”

मला धाप लागली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, “तुम्ही सगळे वर काय बघितलंत, मयूरी?”

“पंखा.”

“पंखा कशाला?”

एवढं साधं या बाईंना माहीत नाही, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं बघितलं. “माग बंद झालं आनि पंखाबी बंद असला तर लाइट गेली, बाई. पंखा चालू आनि माग बंद, म्हंजी कुनाला तरी लागलंय.”

रावसाहेबांनी मान खाली घातली. “दोन वर्सं झाली. धोटा उडाला आनि हितं बसला,” त्यांनी भुवईला हात लावला. “मेन स्विच पाडलं, सगळी गोळा झाली. ही तवा पहिलीत. खिडकीतनं बघितलं हिनं. तवापासनं मला दिवसपाळीच दिल्यात. भिंतीकडचं चार माग माझं.”

साडेबारावर पंधरा मिनिटं झाली. जॉबरनं स्विच वर केला आणि कामगार एकेक करून आत जाऊन माग सुरू करू लागले. रावसाहेबही उठून गेले. मयूरी पायरीवरच बसून राहिली. मान तीच, कललेली. गुडघ्यावर दोन बोटं.

“एक,” ती हळूच म्हणाली. मग “दोन.” मग “तीन.” मग थांबली. मला तर नुसता खटखटाट ऐकू येत होता. “चौथा. ऐका, बाई. ह्यो लंगडतोय बघा. खट खट, आनि मग जरा दमानं खट. त्यो लंगडत चाललाय तंवर पप्पा बरं हाईत.”

मी डोळे मिटले. पट्टी न आपटता, घंटी न वाजवता, कुणी सांगितलं नसताना मिटले. पुष्कळ वेळ काही कळेना. मग त्या चोवीस मागांच्या गोंधळातून एक लंगडा आवाज सुटा होऊन माझ्या कानाशी आला. मला रडू आलं. त्या पोरीला मी भिंतीकडं तोंड करून उभं केलं होतं, आणि तीच भिंत तिला हवी होती, हेही मला आत्ता कळत होतं.

डोळे उघडले तेव्हा अडतीस मुलं ओट्यावर, पायऱ्यांवर, धुळीत गप्प बसली होती. खांदे सैल पडलेले, श्वास संथ. ऋजुता मॅडम मागून धापा टाकत आल्या होत्या आणि मुलांकडं बघत होत्या. फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही. आख्ख्या उपक्रमात खरीखुरी शांत मुलं एकदाच दिसली, आणि त्याचा पुरावा नाही.

संध्याकाळी चौगुले सरांनी मयूरीचा फॉर्म माझ्यापुढं सरकवला. “तिसरं निरीक्षण तर साऱ्या गावानं केलं. लिहा आता शिफारस.”

मी पेन उघडलं. ‘मूल एका आवाजावर किती वेळ लक्ष टिकवू शकते?’ चारही चौकटींवर मी आडवी रेघ मारली, आधीच्या दोन खुणांसकट. खाली माझ्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं, ‘रोज अकरा ते पाच. मधल्या सुट्टीसह. गेली दोन वर्षे.’ शिफारशीच्या रकान्यात लिहिलं, ‘बाक खिडकीशी हलवावा.’

सरांनी ते दोनदा वाचलं. “बाई, हे पुण्याला जाणार आहे.”

“जाऊ दे की, सर.”

दुसऱ्या दिवशी बाक मीच ओढत खिडकीशी नेला. रावसाहेबांना सहीसाठी बोलावणं गेलं नाही.

तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला. वर लाल शाईत शेरा होता, ‘कृपया दिलेल्या पर्यायांमधूनच निवड करावी.’ मी वर्गातच होते. खिडकीशी दोन बोटं बाकावर वाजत होती. मी फॉर्म मिटून टेबलाच्या खणात ठेवला, पट्टीच्या शेजारी, आणि मयूरीला विचारलं, “चौथा कसा आहे?”

“लंगडतोय, बाई,” ती म्हणाली, आणि मी पाढे घ्यायला सुरुवात केली.